कार्ड नसलेला कॅमेरा

"भंगारात द्यायच्या आधी बघूया तरी, वहिनींनी अजून काय काय पुसून ठेवलंय ते..." असं म्हणत धाकट्या दिराने जुन्या कॅमेऱ्याची केबल अडॅप्टरमध्ये खोचली, अडॅप्टर लॅपटॉपला लावला आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसलेलं सगळं घर हसलं. वहिनीही हसली. हे टोमणे आता तिच्या अंगवळणी पडले होते. लाज मात्र पडली नव्हती.

सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. "एकदा सगळ्यांसोबत माझे फोटो काढा," असं ते आपणहून म्हणाले. दिराने कॅमेरा वहिनीच्या हातात दिला, तिने तो सुरू केला, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली... कार्ड नाही. ते दिराच्याच लॅपटॉपमध्ये राहिलं होतं; टेबल पुसताना तिने पाहिलं होतं. पण सासरे धाप आवरत उशीला टेकून बसले होते, कधी नव्हे ते हसत होते. आता त्यांना थांबा कोणत्या तोंडाने म्हणायचं? ती बटण दाबत राहिली. मरणाच्या दारातल्या माणसाला रिकाम्या कॅमेऱ्यासमोर हसायला सांगत राहिली!

दुसऱ्याच दिवशी ते गेले. बापासाठी ऊर फुटेस्तोवर रडणाऱ्या त्या पोराच्या उरावर आणखी हा धोंडा कशाला, म्हणून तिने गुपचूप त्याच्या लॅपटॉपमधून कार्ड काढून कॅमेऱ्यात सरकवलं. पुढे त्यावर बाबांचा एकही फोटो सापडेना, तेव्हा तोच दीर भरल्या घरात तिच्यावर ओरडला, "साधं बटण दाबता येत नाही तुम्हाला? सगळे फोटो पुसून टाकलेत!" तिने मान खाली घातली, ती आजतागायत.

लॅपटॉपवर फोटो उघडले. सासरे... उशीला टेकलेले, हसणारे, दोन्ही मुलांचे हात हातात घेतलेले. टेबलाभोवतीचं हसणं एकदम थांबलं.

"कार्ड तर केव्हाच खराब झालं, आता आत नाहीच आहे," दीर पुटपुटला. "म्हणजे हे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीत गेले. कार्ड नसलं की तिथेच जातात... म्हणजे त्या दिवशी कार्ड माझ्याकडेच राहिलं होतं. मग ते परत कॅमेऱ्यात कोणी घातलं?"

वहिनी घाईघाईने ताटं उचलू लागली.

"वहिनी, बसा. तुम्हाला ठाऊक होतं?"

तिची मान आणखी खाली गेली. दिराचा चेहरा पांढराफटक पडला. भावाकडे, बायकोकडे, कुणाकडेच त्याला बघवेना.

"सगळ्यांसमोर ओरडलो होतो, तर सगळ्यांसमोरच सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "चूक माझी होती. आणि इतकी वर्षं मी तुम्हालाच टोचत राहिलो. तोंड दाखवायला जागा उरली नाही मला, वहिनी."

तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती स्क्रीनवरचं ते हसू बघत होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

"टोमण्यांचं काही नाही हो, भाऊजी," ती म्हणाली. "मला वाटायचं, जाता जाता मी बाबांना फसवलं."