चेंडूकडं बघायचं नाय

हिरामणच्या हातातली भाताची पाटी धाडकन खाली पडली. काळुराममामाच्या गिरणीसमोरच्या सिमेंटच्या खळ्यावर एक पोरगी सरसर घसरत चालली होती. पायात चाकांचे बूट, हातात टोकाला वाकडी काठी, काठीपुढं लाकडी चेंडू... आणि एक चाक थेट वाळत घातलेल्या भातावर! रोह्यात सकाळी साडेसहाला असलं काही दिसेल असं कुणी सांगितलं असतं, तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

"अगो, भातावर पायताण?"

तिनं खाली पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. मटकन बसून तिनं बूट काढले, चार दाणे उचलून कपाळाला लावले. "चुकलं माझं... खरंच दिसलं नाही."

"दिसंल कसं? नजर सगळी चेंडूवर."

"तेच तर दुखणं आहे माझं," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यानं गडी पुरता गारद झाला, उगाच कशाला लपवा.

ती पेणची सरू. तिथलं स्केटिंगचं मैदान दुरुस्तीसाठी बंद, म्हणून रोह्याला इंदुबाई आत्याकडे आलेली. पंधरा दिवसांनी डेहराडूनला बर्फावरच्या हॉकीसाठी राज्याची निवड होती.

"बर्फ बघितलाय कधी?"

"फ्रिजमधला."

हिरामणनं मामाला गळ घातली आणि सरूला अर्धं खळं मिळालं. बदल्यात रोज भाताला पाय द्यायचा, म्हणजे अनवाणी पाय घासत भात खालीवर करायचं. हिरामण पाय देऊ लागला तशी ती बघतच राहिली. "असे गुडघे वाकवून पाय ढकलायला मला वर्ष लागलं. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आयशीनं," तो म्हणाला आणि लाजला.

दुसऱ्या दिवशी पाय देता देता ती बोलून गेली. "निवड नाही झाली, तर खेळ बंद. बाबांनी खांब गावचं एक स्थळ धरून ठेवलंय. मुलगा धाटावच्या कंपनीत आहे म्हणे. मी फोटोसुद्धा बघितला नाही."

हिरामणचे पाय भातातच थांबले. तो खांबचाच. धाटावला दुपारची शिफ्ट, म्हणून मामाकडे राहायचा. आई म्हणाली होती, पेणची मुलगी बघितलीय. पण पत्रिका जुळेपर्यंत मुलामुलीच्या कानावर नाव घालायचं नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज. म्हणजे ही ती... आणि हिला सुटायचंय ते आपल्यापासून!

ती हरली की त्याची. नुसतं गप्प बसायचं, बस्स. पण मेल्याला ते जमेना.

"मी गोलात हुबा ऱ्हातो," तो म्हणाला आणि दोन पोत्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. "चेंडूकडं नाय गो, माझ्याकडं बघ."

तिनं मान वर केली. चेंडू सुटला.

"तुमच्याकडे बघितलं की सुटतो."

"येवढं काय हाय माझ्यात?"

"तेच शोधतेय... म्हणून तर सुटतो."

असे दहा दिवस गेले. शेवटच्या सकाळी तिची नजर त्याच्या नजरेत होती आणि काठी चेंडूला डावीउजवीकडे टकटक खेळवत होती. डेहराडूनला लोक ओरडतील, धक्के देतील, हिला हललेलं चालायचं नाही. आणि उद्या ती जाणार होती.

"सरू, खांबचं स्थळ म्हंजे मीच."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. डोळे विस्फारले. पण काठी थांबली नाही. टकटक, टकटक... आणि फाडकन चेंडू त्याच्या दोन पायांमधून पार.

"कधीपासून माहीत होतं तुला?" तुम्हीचं तू झालं होतं.

"दुसऱ्या दिवसापासनं."

"आणि तरी शिकवत राहिलास? मी जिंकले तर तुला नकार, हे कळत नव्हतं?"

"कळत व्हतं. पण तू हरून माझ्या घरात आली असतीस, तर जन्मभर तुझ्या तोंडाकडं बघायची छाती झाली नसती माझी. मला तू आवडतेस, सरू. लय आवडतेस."

तिनं पायातले बूट काढून हातात घेतले आणि ती निघून गेली.

आठ दिवस काही कळलं नाही. हिरामण शिफ्टला जायचा आणि डबा न उघडताच परत यायचा. नवव्या दिवशी मामा खळ्यावर आला, तो भूत बघितल्यासारखा.

"पोरगी राज्याच्या संघात आली, लेका. बाप शब्दाचा पक्का. खांबला नकार कळवायला त्यानं मुलाचा मामा म्हणून मलाच फोन लावला. तर पोरीनं त्याच्या हातातनं फोन काढून घेतला."

"मग?"

"म्हणते, हरले असते तर मीच नाय म्हटलं असतं. आता जिंकलेय, तर माझ्या मनानं हो म्हणते. लग्न मात्र थंडीतले सामने संपल्यावर."

हिरामण खाली बघून भाताला पाय देतच राहिला. मामानं त्याला गदागदा हलवलं. "अरे, तुझं काय म्हणणं हाय, ते इचारलंय तिनं."

"व्हय म्हणावं," तो कसाबसा म्हणाला. "आन् मामा, आत्ताच सांग."