पतंग खाली येईपर्यंत

"तुमचा पतंग काटेल असा एक पतंग द्या."

ऐन गर्दीत, भर दुकानात कुणी असं म्हणावं, आणि तेही पतंगवाल्याच्या मुलीला! तिने मान वर केली. समोर उभा होता नाक्यावर नवीनच दुकान थाटलेला चष्मेवाला.

"असा पतंग इथेच मिळेल," ती म्हणाली. "उडवणारा मात्र आम्ही विकत नाही."

"उडवणारा घरचाच आहे," तो हसला. हसला की त्याचा स्वतःचा चष्मा नाकावरून घसरायचा... आणि हे आपल्या लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

आज पतंगांची स्पर्धा होती. तिचा पतंग आजवर कुणी काटला नव्हता, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. गल्लीचा नियमच असा, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या गच्चीवर जायचं आणि त्याचा पतंग खाली येईपर्यंत त्याची फिरकी धरायची. अख्ख्या गल्लीने तिची फिरकी धरली होती. तिने कुणाचीच नाही.

त्याने पिवळा पतंग निवडला. ती त्याला दोऱ्याची कण्णी बांधायला बसली. कण्णीची गाठ जराशी सरकली, की पतंग एका अंगाला झुकतो... कुणाला कळणारही नाही. तिचा हात थांबला. मग शरमेने कान तापले. या दुकानातून वाकडा पतंग जाणार? बाबांनी जन्मभर बोटं खळीने बरबटवून घेतली, ती यासाठी? तिने गाठ अशी मारली, जणू तो पतंग तिलाच उडवायचा होता.

"आज फारच मन लावून चाललंय," बाबा म्हणाले.

"गिऱ्हाईक आहे, बाबा."

"हो का?" बाबा दुसरीकडे बघून हसले.

दुपारी वारा सुटला. पिवळ्याने पलीकडच्या गल्लीतल्या एकेकाला लोळवलं आणि तो तिच्या लाल पतंगाला येऊन भिडला. तिने ढील दिली, त्यानेही दिली. तिने खेचलं — आणि हातातला दोरा एकदम हलका झाला. गच्च्यांवर एकच आरडाओरडा! तिला रडू फुटणारच होतं. पण वर पाहिलं, तर पिवळा पतंग आभाळात ताठ उभा, जराही न झुकता. आपल्या हातचा! रडू बाजूलाच राहिलं, तिची छाती अभिमानाने फुगली.

मान ताठ ठेवूनच ती रस्ता ओलांडून गेली, जिने चढली आणि त्याच्या बहिणीच्या हातून तिने फिरकी घेतली.

"राग आला?" त्याने विचारलं.

"पतंग चांगला आहे," ती म्हणाली. "माझाच आहे."

"सकाळी कण्णी बांधताना तुमचा हात थांबला होता."

"तुम्ही... पाहिलंत?"

"पाहिलं. मग तुम्ही गाठ नीट मारलीत, तेही पाहिलं. तिथेच मी कामातून गेलो."

"म्हणजे?"

"म्हणजे... मला तुम्ही फार आवडता. मी आवडतो का तुम्हाला?"

हो म्हणायला तिचे ओठ उघडलेही. पण ती पतंगवाल्याची लेक होती!

"दुसऱ्याची फिरकी धरून उभी असताना मी असल्या प्रश्नांची उत्तरं देत नाही," ती म्हणाली. "पतंग खाली आला, की विचारा."

आभाळात अजून चिक्कार पतंग होते. वारा झकास होता. त्याने पिवळा पतंग उतरवायला घेतला.

"अरे, वेडा झालास का? जिंकत आलोय आपण!" बहीण ओरडली.

त्याने ऐकलंच नाही. तो दोरा ओढत सुटला होता, आणि ती, आयुष्यात कधी केली नसेल इतकी घाई करत, फिरकी गुंडाळत होती.