एकोडी चुनखडक

खडकाला नाव द्यायचे नियम सोपे आहेत. जवळचं गाव घ्यायचं, पुढे खडकाची जात लावायची आणि तो नीट दिसतो ती जागा लिहायची. बारशापेक्षा बरं, आत्या रुसत नाही.

एकोडी गावचा खडक तुलाराम नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीत दिसायचा. १९७७ साली विहीर खोदताना तो लागला. आमच्या भागातले दगड इतके जुने, की त्यांत जीवाश्म सापडूच नयेत. इथे मात्र भिंतभर समुद्री लिली. दिसायला फूल, पण असतो प्राणी. देठावर उभा राहून पाकळ्यांत भक्ष्य धरणारा. सगळ्या मिटलेल्या. त्यांच्यावरून खडकाचं वय ठरलं : डेव्होनियन काळ, अडतीस कोटी वर्षं. मी, भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक, शिडीवर उभा राहून प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं आकडा घातला, नागपूरला येऊन निबंध छापला आणि कॉलेजात पेढे वाटले.

एक पेढा तुलारामच्या आईला, गोदावरीबाईंना दिला. त्यांनी तो हातातच धरला.

"दगडाले नाव ठेवलं?"

"हो. तुमच्या गावाचंच."

"मंग आता ते खायले मागन."

मी हसलो. शिकलेला माणूस अशा वेळी हसतो.

१९८१च्या मे महिन्यात तुलारामनं बोलावून घेतलं. गावचा तलाव आटला होता, पाणी फक्त त्याच विहिरीत. पण बादली सोडली की नुसता दोर वर येई.

"दोर कुजला असेल," मी म्हणालो.

"नवा हाये जी. आता मलेच उतरा लागन."

"नको उतरू."

"मंग प्याचं काय? तुमचा निबंध?"

गोदावरीबाईंनी पितळी थाळी उन्हात धरून कवडसा विहिरीत पाडला. मी वाकलो.

लिल्या उघड्या होत्या.

दगडाच्याच, दगडातच. माझे आकडे पाकळ्यांबरोबर फाकले होते. सातच्या आकड्याचे पाच तुकडे झाले होते.

"झीज आहे," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

कवडसा खाली सरकला. एकच मिटलेली होती. तिच्या मुठीतून नव्या दोराचं तुटलेलं टोक लोंबत होतं.

"तुलाराम, ते बघ."

"पाह्यलं जी. काल बी होतं."

त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि विहिरीत पाय सोडून काठावर बसला.

"साहेब," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या, "ठेवलेलं नाव वापस घेता येते का?"

छापलेलं नाव कायम राहतं. नियमात दुसरी सोय नाही. मी तसं सांगितलं.

त्यांचा हात हलला. कवडसा भिंतीवरून फिरून आला, तेव्हा दोराचं टोक नव्हतं आणि सगळ्या उघड्या होत्या.