साकवाचा ठराव

हनुमंताला त्या रात्री काही मोठं काम नव्हतं. सात सह्या आणायच्या होत्या, एवढंच.

बस रे स्वरूप, नीट मांडी घालून बस. ऑर्डर हातात पडली म्हणून लगेच ऐट नको. आता तुम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आमच्या वेळी नुसता ग्रामसेवक होता आणि अख्खं गाव आम्हाला भाऊसाहेब म्हणायचं. खुर्ची तीच आहे, रजिस्टरंही तीच. आणि श्रावणी, तू हसू नकोस. भुताची गोष्ट पाहिजे म्हणून मघापासून तूच मागे लागली होतीस ना? मग ही घे. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो हनुमंत आमच्या पंचायतीचा शिपाई, अजून चांगला धडधाकट आहे. गावाचं नाव मात्र विचारू नका. किकवीच्या अल्याड-पल्याड, हायवेवरून थोडं आत, असं समजा.

तारीख पक्की आठवते. पंधरा ऑगस्ट, दोन हजार बावीस. श्रावणातला सोमवार, त्यात संकष्टी. दोन उपवास एकाच दिवसात उरकले म्हणून हनुमंत सकाळपासून खुशीत होता.

त्या गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे अकरा घरांची वस्ती. शाळा, दवाखाना, रेशन, सगळं अलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की वस्ती तुटायची. हायवेवरून वळसा घालून यायचं तर सात किलोमीटर. वस्तीची मागणी एकच, साकव. साकव म्हणजे श्रावणी, माणसानं चालत जावं एवढाच अरुंद पूल. ट्रक जाणार नाही त्यावरून. पण पोर शाळेत जाईल.

त्या वस्तीत साळूबाई म्हणून एक म्हातारी होती. साठीच्या पुढची, लहानखुरी. एकही ग्रामसभा चुकवायची नाही. दाराजवळ चपलांच्या बाजूला बसायची आणि शेवटी हात वर करून विचारायची, "साकवाचं काय झालं?" मी म्हणायचो, आराखड्यात घेतलाय आजी. सहा वर्षं मी हेच म्हणालो. नंतर नंतर गावातली पोरं तिच्या आधीच तिच्या आवाजात ओरडायची, "साकवाचं काय झालं?" सभा हसायची. तीही तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचो. आज लाज वाटते, पण हसायचो.

तिची नात शुभ्रा तिसरीत होती. शुभ्राचे आईवडील पुण्यात बांधकामावर. पोर आजीपाशी. पावसाळाभर ही म्हातारी नातीला कडेवर घेऊन ओढा उतरायची. सकाळी एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा. कधी गुडघाभर पाणी, कधी कमरेएवढं. तिला साकव हवा होता तो एवढ्यासाठी. आपले हातपाय थकायच्या आत पोरीला स्वतःच्या पायांनी पलीकडे जाता यावं.

त्या वर्षी साकवाचा निधी खरोखर आला. आणि तेव्हाच सरपंचांच्या डोक्यात कमान शिरली. हायवेच्या फाट्यावर मोठी स्वागत कमान. त्यांचं म्हणणं असं, की साकव खाली ओढ्यात कुणाला दिसणार? कमान येणारा-जाणारा बघेल. मग ठराव झाला, साकवाचा निधी कमानीकडे वळवावा. लिहिला कुणी? मी. अक्षर चांगलं होतं ना माझं!

झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली आणि माणसं पांगली. सभेला उरली निम्मी. साळूबाई नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदाच नव्हती. खरं सांगू? मला हायसं वाटलं.

शंभर सह्या लागत होत्या, भरल्या त्र्याण्णव. अशा वेळी शिपायानं रजिस्टर घेऊन घरोघरी फिरायचं आणि राहिलेल्या सह्या गोळा करायच्या, ही आपल्याकडची रीत. चुकीची आहे. तरी तुलाही कुणीतरी शिकवेलच, स्वरूप. सरपंच म्हणाले, उरलेल्या सातही सह्या खालच्या वस्तीच्याच आण, म्हणजे उद्या तक्रार करायला तोंड राहणार नाही. आणि ठरावाची प्रत सकाळी तालुक्याला जायची होती. म्हणून हनुमंत रात्री निघाला.

साडेआठ वाजले होते. पाऊस थांबला होता. रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात शाईचं पॅड, हातात बॅटरी. सात किलोमीटरचा वळसा घालण्याआधी ओढा उतरलाय का ते बघावं, असा त्यानं विचार केला. टेकाडावर मोटारसायकल लावली आणि पायवाटेनं खाली गेला.

ओढा उतरला नव्हता.

वळणार, तेवढ्यात त्याला दगडावर कुणीतरी बसलेलं दिसलं. अलीकडच्या काठावर. डोक्यावर पोत्याची खोळ. त्यानं बॅटरी मारली.

"आज्जी?"

"कोन, हनमा व्हय?"

"व्हय. एवढ्या रातीचं हितं काय करताय?"

"बसलीया. पानी लई हाय."

हनुमंताला वाटलं, दिवसा कधीतरी अलीकडे आली असेल, आता परतीसाठी पाणी ओसरायची वाट बघतेय. तो तिच्या शेजारी टेकला.

"सभंला दिसला न्हाई तुमी."

"न्हाई रं बाबा. न्हाई पोचले."

नंतर कितीतरी दिवसांनी हनुमंत मला म्हणाला, भाऊसाहेब, एवढा भरलेला ओढा चार हातांवर. पण ती बोलायला लागली की त्याचा आवाज यायचा न्हाई...

तिनं विचारलं. तेच. नेहमीचंच.

"साकवाचं काय झालं?"

हनुमंताच्या मांडीवर रजिस्टर होतं. त्यात काय लिहिलंय ते त्यानं वाचलं होतं. तिला मात्र वाचता येत नव्हतं. तो खोटं बोलला. थोडं सह्यांसाठी, थोडं दया येऊन. दोन्ही खरं.

"झालं आज्जी. साकवाचाच ठराव झाला."

तिनं डोक्यावरची खोळ मागं सारली.

"खरं?"

"खरं."

"मग माजा अंगठा घे की. माज्या साकवाला माजा अंगठा नगो व्हय?"

त्यानं तिचा हात धरला. गार. दिवसभर धुणं धुतल्यासारखी बोटांची कातडी सुरकुतलेली. अंगठ्याला शाई लागेना. त्यानं टॉवेलनं पुसला. पुन्हा ओला. पुन्हा पुसला... पुन्हा ओला. तिसऱ्या खेपेला उमटला.

"शुबी आता आपल्या पायानं जाईल साळंला," ती म्हणाली.

आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद द्यायला ठेवतात तसा. तिच्या हातातून पाणी निथळलं आणि त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं. थांबेना.

"चला, गाडीवरनं सोडतो. वळसा घालून."

"नगो. तू जा. तुजी लेकरं वाट बगत असत्याल."

तो उठला. टेकाड चढला. गाडीला किल्ली लावली. वळून बॅटरी मारली.

दगड होता.

नुसता दगड.

आणि ओढ्याचा आवाज एकदम कानावर आला... अंगावर आल्यासारखा.

तो वस्तीवर गेलाच नाही. मी गावातच खोली घेऊन राहायचो. सव्वादहाला दार वाजलं. त्यानं रजिस्टर टेबलावर ठेवलं. "एकच मिळाला," म्हणाला. मी त्याला झाप झाप झापलं, एवढा वेळ काय करत होतास म्हणून. त्याला ताप नव्हता, पण दात वाजत होते. उरलेल्या सहा सह्या कुणी केल्या ते मला विचारू नका.

सकाळी सातला वस्तीतला मानसिंग वळसा घालून आला. साळूबाई कुठंय, विचारायला. काल सकाळी तिनं नातीला झेंड्यासाठी शाळेत सोडलं, घरी परतली, गुरांचं आवरलं आणि साडेदहाला पुन्हा निघाली. आधी ग्रामसभा, मग पोरीला घेऊन घरी. ती निघाल्यावर थोड्याच वेळात पाणी वाढलं. वस्तीला वाटलं, आजी-नात गावात राहिल्या. इकडे शाळेच्या मॅडमना वाटलं, आजी पलीकडे अडकली. त्यांनी पोरीला रात्री आपल्याकडे ठेवून घेतलं. दोन्हीकडची माणसं निवांत झोपली आणि मध्ये ओढा वाहत राहिला.

दुपारी सापडली. अर्धा किलोमीटर खाली, करंजाच्या मुळांत अडकलेली. डॉक्टर म्हणाले, जीव कालच गेलाय, दुपारच्या आत.

काल. दुपारच्या आत.

हनुमंत पुढे झाला. तिच्या डाव्या हाताची मूठ वळलेली होती, ती त्यानं सोडवली. अंगठा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. अंगठ्यावर शाई होती...

त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला आणि खाली फरशीवर बसून त्यानं मला हे सगळं सांगितलं. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा रडत होता. "ठराव बदला भाऊसाहेब. म्या तिला शब्द दिलाय. गेलेल्या मान्साला खोटं बोललोय म्या. ती खूश झाली वो. माज्या डोक्यावर हात ठिवला तिनं."

मी म्हणालो, प्रत तालुक्याला गेली हनुमंता, आता माझ्या हातात काही नाही.

गेली नव्हती. दिवसभराच्या गडबडीत राहूनच गेली होती. प्रत माझ्या पिशवीत होती आणि पिशवी माझ्या मांडीवर. मी सरपंचांना भ्यायलो. बदलीला भ्यायलो. दुसऱ्या दिवशी कापूरहोळला उतरून तालुक्याची एसटी धरली आणि स्वतः जाऊन देऊन आलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वडिलांनाही नाही, स्वरूप.

शुभ्राला आईवडील पुण्याला न्यायचं म्हणत होते, पण तिथं पत्र्याच्या खोलीत पोरीला कोण बघणार? ती वस्तीतच मानसिंगच्या घरी राहिली. हनुमंत रोज ओढ्यावर जायचा. पाणी असेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, तिला खांद्यावर बसवून पार करायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पंचायतीच्या कामाला उशीर व्हायचा. मी कधी टोकलं नाही. तेवढीच माझी माणुसकी.

मार्चपर्यंत कमान उभी राहिली. दोन खांब आणि वर आडवी तुळई, वीस फुटांवर. बांधकामाची परांची उतरली आणि गवंडी गेले. एप्रिलात, जत्रेच्या तोंडावर, अक्षरं रंगवायला भोरहून शफी पेंटर आला. शिडी लावून वर चढला आणि ब्रश तसाच हातात घेऊन खाली आला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "वर कोण चालतं?"

हनुमंत तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. मग मीच चढलो. गुडघे दुखत होते तरी चढलो.

तुळईचा माथा हातभर रुंद. खालून कुणाला दिसायचा नाही. त्यावर ओढ्याचा काळा गाळ वाळून बसला होता. गाळात पावलं. अनवाणी, लहान, बाईमाणसाची. या खांबापासून त्या खांबापर्यंत... आणि परत. जातानाची खोल, कडेवर पोर घेऊन गेल्यासारखी. येतानाची उथळ. एका दिवसाची नव्हती ती. एकावर एक, एकावर एक. मधोमध पायवाट पडली होती.

तिला साकव झाला असं सांगितलं होतं रे. तिच्या अंगठ्यावर आम्ही उभी केली ती ही कमान. दुसरं काही तिला मिळालंच नाही, म्हणून ती...

खालून हनुमंतानं विचारलं, "काय हाय वर, भाऊसाहेब?"

मी पलीकडच्या टोकापर्यंत नजर नेली.

एप्रिल महिना. ओढा कोरडा पडून दोन महिने झाले होते. आणि पलीकडच्या खांबाजवळचं शेवटचं पाऊल अजून ओलं होतं.