चक्रनगरची माती

एका तेलकट लघुग्रहाला चाकासारखं कोरून चक्रनगर वसवलं होतं. ते अवकाशात संथ फिरायचं आणि फिरण्यामुळेच माणसांचे पाय कडेच्या जमिनीला टेकून राहायचे. त्या जमिनीखाली तेल होतं. उदंड तेल! मग बागा राखायला नि हातमाग चालवायला कोण मरायला जातो? तेल नळानं मध्यावरच्या धक्क्यावर चढवायचं, पृथ्वीला धाडायचं आणि मिठापासून मेथीपर्यंत सगळं तिकडून मागवायचं. जाताना जहाज गच्च, येताना चार खोकी. माणूस गेला तरी त्याला पृथ्वीवरच पाठवायचे. पुरण्याइतकी माती इथं होती कुठे?

केतकी तांडेल गावची तोलदार. येणारा प्रत्येक जिन्नस तिच्या पितळी तराजूतून जायचा. तराजू इतका चोख, की अख्ख्या गावाला त्याचा अभिमान होता.

घरी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. तिचे बाबा हिराजी, गावचे शेवटचे माळी, सहा महिने अंथरुणातून उठले नव्हते. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं गं," म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, हृदय दमलंय. तसं सगळं गावच पेंगुळलेलं होतं. मुली उड्या मारेनात. बायका जिन्यातच टेकायच्या आणि खिडकीतले तारे बघता बघता डुलक्या काढायच्या. लोकांना वाटायचं, सुख अंगावर येतंय!

मग पृथ्वीवरून यंत्रतपासनीस डॉ. यमुना गावित आल्या. त्यांच्यापाशी तानकाटा होता, स्प्रिंगचा, चक्रनगरच्या मूळ वेगानुसार आखलेला. त्यांनी केतकीचं एक किलोचं माप त्याला अडकवलं. काटा एक किलो दोनशे नव्वदवर थांबला.

"बाई, तुमचा काटा बिघडलाय," केतकी हसली.

"काटा नाही, गाव बिघडलंय. फुगडी खेळलीस कधी?"

"लहानपणी. का?"

"फिरता फिरता अंग जवळ ओढलं तर?"

"गरकन वेग वाढतो."

"तुमचं तेल कडेवरून मध्यावर चढतं, तेव्हा स्वतःची गती गावाला देऊन जातं. तीस वर्षं पाठवलंत ढीगभर, मागवलंत चिमूटभर. गावाचं बारा टक्के वस्तुमान गेलं, वेग वाढला आणि माणसं जमिनीवर जास्त दाबली गेली."

"अहो, पण माझ्या तराजूत कधी दिसलं नाही ते!"

"कसं दिसेल? जिन्नस जड झाला तसं मापही जड झालं. तुमची घड्याळं गावाच्या फेऱ्या मोजतात, तीही गावाबरोबर पळाली."

केतकीला रडू कोसळलं. बाबा थकले नव्हते, जड झाले होते. आणि ती इथं वजनं करत बसली होती!

गावसभेत सरपंचबाई करवादल्या, "तेल बंद केलं तर खायचं काय?"

"बंद नको, निम्मं पाठवा," केतकी म्हणाली. "आणि रिकामी येणारी जहाजं माती भरून आणा. ती कडेवर उतरली की वेग उतरेल."

"माती? विकत? पृथ्वीवरचे लोक हसतील आपल्याला."

"हसू देत! जड माल आणला तरच आपण हलके होऊ. माझ्या बाबांचं हृदय..."

मागून एक म्हातारी सुजलेले पाय चोळत म्हणाली, "आणा गं बाई माती."

भाड्याची आणखी कितीतरी जहाजं लावली आणि दोन वर्षं माती येत राहिली. तांबडी, काळी, भुरी. केतकीनं बाबांच्या उशाशी एक परात भरून ठेवली. ते झोपेतही मातीत बोटं घालून असायचे. तानकाटा केसाकेसानं उतरत एक किलो शंभरवर आला, आणि एका सकाळी परात रिकामी दिसली, अंथरूणही.

हिराजी नव्या वाफ्यात उकिडवे बसून मेथी पेरत होते.

"बाबा! अहो, चाललात तुम्ही?"

"चाललो की! ओरडतेस काय? बी बिचकेल." ते हसले, मग माती थोपटत म्हणाले, "केतू, मी गेलो की मला जहाजात घालू नकोस हं. इथंच पूर. माझं पासष्ट किलो बाहेर गेलं, तर तुम्हा सगळ्यांना तेवढा भार."

"काहीतरीच बोलू नका!" ती खेकसली. मग डोळे पुसत त्यांच्याजवळ बसली आणि ओंजळभर बी हातात घेतलं.

"शेजारी माझीही जागा धरून ठेवा," ती म्हणाली.