तिसरा आग्रह

"या कोटात पहिल्याच आठवड्यात गारठून मरशीला तुम्ही."

कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या दिलदार टेलरच्या दुकानात कालिंदी आरशासमोर हात पसरून उभी होती. अंगात अर्धामुर्धा टाचलेला कोट. मागच्या बाकावर उसवलेली विजार शिवून घ्यायला आलेला कुणी एक माणूस बसला होता आणि न विचारता बोलत होता. तिनं आरशातूनच त्याच्याकडे असं काही पाहिलं, की दिलदारचाचांनी तोंडात धरलेल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"कुणी न्हाय. पर कापड हलकं हाय. आतनं कांबळ्याचं अस्तर घाला, चाचा. आणि गळा बंद करा. कुठं निघालाय एवढं?"

"इटलीला." हा शब्द ऐकला की गावातली माणसं गप्प होतात, हे तिला ठाऊक झालं होतं.

"इटलीत कुठं?"

"फाएन्झाला! सांगून कळणार आहे का तुम्हाला?"

तो हसला नाही. उलट उठून उभा राहिला – पाय जुळवून, ताठ, कवायतीत उभं राहावं तसा.

"सेनिओ नदीच्या काठाला एक आख्खा हिवाळा काढलाय मी. चव्वेचाळीसचा, लढाईतला. मराठा पलटण, हवालदार नृसिंह. तुमचं फाएन्झा तिथनं जवळच." मग पुन्हा बसला. "अस्तर घाला, चाचा."

कालिंदीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोटाचं सोडा... पण जे गाव तिनं एकटीनं, भिंग लावून नकाशात शोधून काढलं होतं, ते या विजारवाल्यानं आधीच पायाखाली घातलेलं!

त्रेपन्न साल होतं ते. कालिंदीचे वडील तात्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मातीच्या भांड्यांवर काचेसारखा मुलामा कसा चढवतात ते शिकायला तिला फाएन्झात दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती. तात्या हरखले होते. बाकी गल्ली हैराण. शेजारची झुंबरबाई तर दारात उभी राहून विचारायची, "आपला कुंभारवाडा काय ओस पडला व्हय, म्हणून पोरीला चिखल तुडवायला साता समुद्रापलीकडं धाडताय?" अशा बोलण्यांनी कालिंदी त्या दिवसांत सकाळी उठायची तीच रागावून.

त्यात दिलदारचाचांनी तात्यांना हवालदाराची हकिगत सांगितली. तात्या तडक तो काम करत होता त्या इंजिनाच्या कारखान्यात गेले आणि त्याला घरीच घेऊन आले.

"दर मंगळवारी नि शनिवारी येतील हे. तिथल्या रीतीभाती सांगतील तुला."

"मला रीत शिकवायला पलटण कशाला?"

"पलटण न्हाय, एकटाच हाय की मी," नृसिंह म्हणाला. कालिंदीची आत्या, अक्का, पदराआड हसली. कालिंदीला अक्काचाही राग आला.

शिकवणं कसलं, हुकूमच ते. दुकानात पाय ठेवला की आधी नमस्कार – 'बोन जोर्नो' – मग सामान. दुपारी जेवणानंतर कुणाचं दार वाजवायचं नाही, गाव झोपलेलं असतं. पाव ताटाशी पालथा ठेवायचा नाही, अपशकुन. लांबलचक शेवया सुरीनं कापायच्या नाहीत, काट्याला गुंडाळायच्या. जेवण झाल्यावर दूध घातलेली कॉफी मागितली तर लोक वेड्यात काढतात. देवळात जाताना डोईवर पदर, खांदे झाकलेले.

"अगं बया! मग आपल्या अंबाबाईच्या देवळासारखंच की," अक्का म्हणाली.

"तसंच, अक्का. आणि ढेकर द्यायचा न्हाय."

"हे मला सांगताय?" कालिंदी उसळली. "मी कधी दिलाय ढेकर?"

"मी दिलता. सगळं घर माझ्याकडं बघत बसलं."

तिला हसू आलं. तिनं ते दातांखाली धरून ठेवलं... त्यानं ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

एका शनिवारी अक्कानं बेसनाचे लाडू पुढे ठेवले. नृसिंहनं ताटली उचलून कालिंदीसमोर धरली. "घ्या."

"नको."

त्यानं ताटली खाली ठेवली. "संपलं. आता उपाशी ऱ्हावा."

"म्हणजे? आग्रह नाही करायचा?"

"तिथं मी ज्या म्हातारीच्या शेतघरात ऱ्हायलो, ती एकदाच विचारायची. पहिल्या दिवशी भाकरीसारखा जाड पाव आणि रस्सा पुढं केला. मी आपला कोल्हापूरचा, म्हटलं, नको. वाटलं, म्हणेल परत. तिनं ताट उचललं! दुसऱ्या दिवशी तेच. दोन दिवस उपाशी बसलो मी, मॅनर्सपायी. तिथं नको म्हंजे नको. पोट भरायचं असंल तर पहिल्यालाच 'हो' म्हणायचं."

कालिंदीला ते जमेना. आपल्याकडे पहिल्याच आग्रहाला हात पुढे करणारा हावरट ठरतो. दोनदा नको म्हणायचं, यजमानानं हाताला धरायचं, तिसऱ्यांदा कुठे घ्यायचं – लहानपणापासून अंगात मुरलेलं. नृसिंह लाडू पुढे करी, तिच्या तोंडून आपोआप 'नको' जाई, आणि तो ताटली उचलून स्वतः खाई. महिन्याभरात त्यानं तिच्या वाटचे अकरा लाडू खाल्ले.

"हावरट आहात तुम्ही!"

"तुम्ही नको म्हणालासा की."

"जाऊ दे तिथे, मरेन उपाशी!"

"मरू नगासा," तो एकदम हळू बोलला. "परत यायचंय न्हवं?"

त्या दिवशी ती जास्तच तणतणत राहिली. मंगळवार-शनिवारची आपण वाट पाहतो, हे तिला कळून चुकलं होतं. गाव सोडायचे दिवस जवळ आलेले असताना कुणाची वाट पाहायला लागणं... यासारखा मूर्खपणा नाही, असं तिचं म्हणणं होतं. पण म्हणून मन ऐकतंय थोडंच!

शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारी सकाळची गाडी, त्या गाडीनं मुंबई, मग बोट. तात्या बाजारात, अक्का आत ट्रंक भरत होती. नृसिंह सोप्यात आला आणि बसलाच नाही. पाय जुळवून ताठ उभा राहिला.

"एक सूचना ऱ्हायली."

"सांगा."

"सूचना न्हाय. विचारायचंय... दोन वर्षं काय लई न्हाईत. मी थांबतो. परत आलात की माझ्याशी लगीन करशीला?"

कालिंदीनं दाराची चौकट घट्ट धरली. आणि तोंडातून, जन्मापासूनच्या सवयीनं, तो एकच शब्द निसटला –

"नको."

नृसिंहनं मान हलवली. "बरं." टोपी घातली, पायऱ्या उतरला... आणि गेला. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ती तशीच उभी. तो परत येईल म्हणून. एवढं लग्नाचं विचारायचं, तर माणूस निदान एकदा तरी 'असं कसं' म्हणतो की नाही?

रविवार सगळा तिनं भांडी आदळत काढला. "काय झालंय गं तुला?" अक्कानं विचारलं. "काही नाही! गावात माणसांना रीत राहिलेली नाही!" ती म्हणाली आणि ट्रंकेवर बसून रडली. तेही रागानंच.

सोमवारी स्टेशनावर निरोपाला गल्ली लोटली होती, झुंबरबाईसुद्धा. मुंबईपर्यंत सोबत निघालेले तात्या डब्यात सामान लावत होते. कालिंदी दारात उभी राहून फाटकाकडे बघत होती, आणि आपण बघतोय म्हणून स्वतःवरच चिडत होती. इतक्यात तो दिसला. हातात कोट.

"चाचांनी दिलाय. कांबळ्याचं अस्तर हाय. गळा बंद." कोट तिच्या हातात ठेवून तो मागे सरला. "संभाळून जावा."

तिचा बांध फुटला.

"एवढंच? एकदा विचारायचं नि चालू लागायचं? कुठल्या गावचे तुम्ही?"

सगळं स्टेशन वळलं. तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

नृसिंह गोंधळला. "तुम्हीच नको म्हणालासा. नको म्हंजे..."

"ते तिकडं! मी काय पोचलोय काय अजून फाएन्झात?" ती ओरडली. रागाच्या भरात कोल्हापूरच्या पोरींसारखी पुरुषी क्रियापदं तोंडात आली. "कोल्हापुरात उभा हाय मी! इथं एकदाच विचारतात व्हय?"

मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं पाय जुळवले.

"मग दुसऱ्यांदा विचारतो. करशीला लगीन?"

"नको," कालिंदी म्हणाली. या वेळी सवयीनं नव्हे. मुद्दाम, चवीनं, डोळ्यांतलं पाणी पुसत.

"अगं, गाडी सुटंल की!" झुंबरबाई किंचाळली. "हो म्हण की बाई!"

गार्डानं शिट्टी दिली. डबा हलला. नृसिंह दाराबरोबर चालू लागला... मग धावू लागला. कवायत, ताठपणा, सगळं विसरून त्यानं तिचा हात धरला, आग्रह करताना धरतात तसा.

"कालिंदी... करशील?"

"व्हय," ती म्हणाली. "आणि लाडू माझ्या वाटचे अकरा हायत. विसरायचं न्हाय!"

हात सुटला तो फलाटाच्या अगदी टोकाशी.