शेवटच्या बाकाचा आवाज

वीसएक वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची एक खोड असते. ती दार ठोठावत नाही. वर्गाचं दार कुणी ठोठावतं का? ढकलायचं, आत शिरायचं आणि 'हे काय चाललंय?' असं विचारायचं. निम्मं काम तिथेच होतं.

त्या दिवशीही मी तेच केलं. फक्त दार चुकलं.

नोकरीची मुलाखत तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे होती आणि मी डावीकडचं दार ढकललं. दारावर लाल दिवा लागलेला होता. तो मला दिसला होता, पण लाल दिव्याचा आणि माझा संबंध आजवर रस्त्यावरच आलेला. आत अंधूक खोली, भिंतींवर गाद्या ठोकल्यासारखं काहीतरी, आणि मधोमध पन्नाशीचा एक गृहस्थ. दाढी पिकत आलेली, पाय अनवाणी, हातात झारी. जमिनीवर एक छत्री उघडून ठेवली होती आणि तो मोठ्या मायेने तिला पाणी घालत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं. वर्गात विचारते त्याच आवाजात.

त्याने डोळे मिटले. झारी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "पाऊस चालला होता… थांबला."

"म्हणजे?"

"इथे गोष्टी वाचून रेकॉर्ड करतात, मॅडम. या गोष्टीतली नायिका पावसात एकटी उभी आहे. आता तिला कुणीतरी रागावलंय."

"मग खिडकी उघडा की! बाहेर खराच पडतोय."

"खरा पाऊस रेकॉर्ड केला की कुणीतरी भजी तळतंय असं वाटतं," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्या. आपल्याला त्या आवडल्या हे माझ्या लक्षात आलं आणि मी घाईघाईने माफी मागून बाहेर पडले. इतक्या घाईने, की माझी ओली छत्री तिथेच भिंतीला टेकलेली राहिली.

मुलाखतीत लॅपटॉपमागे बसलेली दोन तरुण माणसं होती. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर मला पाच मिनिटांनी कुठे असावं हेही कळत नव्हतं. मी काहीतरी ठोकून दिलं. "कळवतो," ते म्हणाले. हा शब्द मी स्वतः पालकांसाठी वापरत आले होते, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

महिनाभर हेच चालू होतं. घरं विकणाऱ्या कंपनीत जाऊन आले, तिथे खोटं बोलता येईना. ऑनलाइन शिकवणीवाल्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सारखं हसायला सांगितलं, तेही जमेना. ताई रोज फोन करायची. "अगं, या वयात कुणी चांगली नोकरी सोडतं का? काय डोक्यात शिरलंय तुझ्या?"

काय शिरलं होतं ते तिला पटलं नसतं. नोकरी सोडली त्या सकाळी मी नववीला इतिहास शिकवत होते. एक राजा पळून जातो, त्या जागी मी दरवर्षी एक विनोद करते. मी खडू खाली ठेवला, श्वास घेतला… आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने माझा विनोद माझ्याआधी करून टाकला. वर्ग हसला. "तुला कसा माहीत?" मी विचारलं. "आईने सांगितला, बाई. ती पण तुमच्याकडेच होती. ती म्हणाली, खडू खाली ठेवला की समज."

मीही हसले. दुपारी राजीनामा दिला.

तर, छत्री. परत गेले तेव्हा दार ठोठावलं.

"छत्री आज मिळणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"आवाज फार सुंदर आहे तिचा. माझीचा बद्द येत होता. उद्या या."

"सगळ्यांच्या छत्र्या अशाच जप्त करता का?"

"जप्त तुम्ही करत असाल, बाई. मी उसनी घेतो."

"बाई? मी शिक्षिका आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"'हे काय चाललंय' असं दोनच माणसं विचारतात, पोलीस आणि शिक्षक. आणि पोलीस काही पायपुसण्याला चपला पुसून आत येत नाहीत."

मला हसू आलं. ते दाबायला मी ओठ मिटले, तर तो म्हणाला, "हसा हो. दिवा बंद आहे."

दुसऱ्या दिवशी छत्री मिळाली, पण सोबत एक प्रश्नही मिळाला. "वाचून बघता का? प्रकाशकबाईंना नवा आवाज हवाय. कादंबऱ्या वाचायच्या. शुक्रवारी नमुना ऐकतील."

स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत. पलीकडच्या खोलीत कुणी टाचणी पाडली तर तो टेक थांबवून त्या माणसाला बाहेर काढी, अशी त्याची ख्याती. त्याने मला माइकसमोर बसवलं, स्वतः काचेपलीकडे गेला आणि हेडफोन चढवले. मी वाचायला लागले. पहिल्याच वाक्याला त्याने हेडफोन ओढून काढले आणि कान चोळत आत आला.

"कोणाला सांगताय हे?"

"कोणाला म्हणजे? ऐकणाऱ्याला."

"तो कुठे बसलाय?"

मी विचार केला. "शेवटच्या बाकावर," मी कबूल केलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"ऐकणारा अंथरुणात पडलाय, बाई. उशीपाशी बोला." आणि आपण जरा भलतंच बोललो असं वाटून तो माझ्याइतकाच गोरामोरा झाला.

दुसरी खोड त्याहून वाईट निघाली. मी प्रत्येक वाक्याचा शेवट दोनदा म्हणत होते. 'ती जिन्यावर थांबली… जिन्यावर थांबली.' मुलांनी वहीत उतरवून घ्यायला हवं ना! माझं मला कळतसुद्धा नव्हतं. तो मात्र खो खो हसत होता. "राहू दे, राहू दे. लिहून घेतलं मी. पुढे?"

शेवटी तो एक स्टूल घेऊन आतच येऊन बसला, हाताच्या अंतरावर. "मी काचेपलीकडे गेलो की तुम्ही मलाच शेवटचा बाक करता," तो म्हणाला. "आता मला सांगा. फक्त मला."

इथेच माझी पंचाईत झाली. इतकी वर्षं मी साठ-साठ मुलांशी बोलत आले. एका माणसाशी, त्याच्या डोळ्यांत बघून, हळू आवाजात… असं कधी बोलले होते मी? लग्नाचं राहून गेलं, ते काही मोठं दुःख नव्हतं. पण हे राहून गेलंय हे मला त्या स्टुलासमोर बसून कळलं आणि वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं.

वाचन संपलं की तो दरवेळी एक विचित्र काम करायला लावी. "आता शांतता घेऊ." म्हणजे मिनिटभर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि रिकामी खोली रेकॉर्ड करायची. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते," तो सांगायचा. "वाचनात कुठे जोड द्यायचा असला तर तिचाच तुकडा लागतो. दुसरी चालत नाही."

मला शांतता म्हणजे शिक्षा. वर्ग शांत झाला की मी समजते, नक्की काहीतरी शिजतंय. पहिल्या दिवशी मी मिनिटभरात पाय हलवला, बांगडी वाजवली आणि घड्याळ बघितलं. तो नुसता भुवई वर करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे पुढे मी बसायला शिकले. बोलायचं नाही, हलायचं नाही, पण बघायला कुणाची बंदी? मी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघायचे. तो माझ्या हातांकडे बघायचा. मिनिट संपलं की दोघंही एकदमच काहीतरी निरर्थक बोलायचो.

"घरी कोण असतं तुमच्या?" मी एकदा सहजच विचारलं. म्हणजे फार तयारी करून, सहजच.

"कुणी नाही. बायको होती, गेली सोडून. तिचं चुकलं नाही." त्याने वायर गुंडाळता गुंडाळता सांगितलं. "म्हणायची, तू सगळं ऐकतोस, बोलत मात्र काहीच नाहीस."

माझ्या आधीची वेळ नटवर्यांची असे. रंगभूमीवरचं बडं प्रस्थ, आवाज भरदार, पण वाचन असं, की मागे कुणी लागलंय. बुधवारी मी काचेपाशी बसून त्यांची रहस्यकथा ऐकत होते आणि माझ्याने राहवलं नाही. आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबलं आणि बोलले, "अहो, थांबा जरा. ऐकणाऱ्याला अजून खून झालाय हेच कळलं नाही आणि तुम्ही खुन्याला पकडायला निघालात!" नटवर्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. शेवटी स्वतःच म्हणाले, "आता कळला का हो, खून?"

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. राजीनामा त्यांनी अजून पुढे पाठवलेला नव्हता. "तुमची खुर्ची तशीच आहे. शुक्रवारी पाचपर्यंत सांगा, मग माझ्या हातात काही नाही." ताईला हे कळल्यावर तिने देवाचे आभार मानले आणि माझ्याशी भांडली, दोन्ही एकाच दमात.

झोप उडाली. शाळेत परत गेले तर निवृत्तीपर्यंत तोच राजा, तेच पळून जाणं, तोच खडू. नाही गेले तर… पुढे काय? आणि खरंच मला नवं काम हवंय, की फक्त ते स्टूल हवंय? आरशात बघून मी स्वतःला चार शब्द सुनावले. काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी प्रकाशकबाई आल्या. नमुना ऐकला आणि चष्मा काढला. "स्पष्टच सांगते. तुमचा आवाज गोष्टीला चालणार नाही. बाई गोष्ट सांगतायत आणि मागून प्रश्न विचारणार आहेत, असंच वाटत राहतं."

मी मान हलवली.

"पण नटवर्यांना काय केलंत तुम्ही? माणूस पहिल्यांदा माणसासारखा वाचतोय. आमच्याकडे वाचणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून वाचून घेणारं कुणी नाही. घ्याल हे काम? पुस्तकागणिक पैसे. कायम नोकरी नाही, आधीच सांगते."

"म्हणजे पुन्हा शिकवणंच की!" मी म्हणाले.

"एका वेळी एकाला," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या.

चार वाजून गेले होते. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. काम आवडेल हे कळत होतं. पण पुस्तकागणिक पैसे, माझं वय, ताईचा चेहरा… आणि हा माणूस मान खाली घालून वायर गुंडाळतोय!

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार? निर्णय तुमचा."

"काहीच म्हणायचं नाही तुम्हाला?"

त्याने वर पाहिलं. गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. "तुम्ही ठरवाल ते बरोबरच असेल."

मला इतका राग आला! बायकोचं खरंच चुकलं नव्हतं. "ठीक आहे. मग मी शाळेत फोन करते आणि जाते परत," मी म्हणाले आणि पर्समध्ये फोन शोधायला लागले. मेला वेळेवर कधी सापडेल तर शपथ.

"एक मिनिट. आजची शांतता घ्यायची राहिलीय."

"आत्ता? नमुना नापास झाला ना?"

"तरी घेतो मी. बसा."

बसले. शेवटचंच तर होतं. त्याने दिवा लावला आणि समोरच्या स्टुलावर बसला. खोली शांत झाली. बाहेरचा पाऊस गाद्यांच्या भिंतींनी अडवला होता. मी ठरवलं होतं, त्याच्याकडे बघायचंच नाही. बघितलं. तुटलेल्या बटणाच्या जागी नवं बटण होतं, भलत्याच रंगाचं आणि वाकडं शिवलेलं. आज माझ्यासाठी? डोळे भरून आले. नाक ओढायची सोय नव्हती, लाल दिवा लागला होता.

आणि त्या भर शांततेत तो बोलला.

"जाऊ नका."

मी दचकून दिव्याकडे पाहिलं. दिवा चालू होता. टाचणी पाडणाऱ्याला बाहेर काढणारा हा माणूस स्वतःच्या टेकमध्ये बोलला होता! त्याचे कान लालबुंद झाले होते, पण तो थांबला नाही.

"जाऊ नका," तो पुन्हा म्हणाला. सावकाश, मला उतरवून घेता यावं इतक्या सावकाश. "कामाचं तुम्ही बघा. मी माझं सांगतोय. तुम्ही आलात की ही खोली… मला आवडता तुम्ही. दार न ठोठावता आलात ना, तेव्हापासून."

इतकी वर्षं मी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवत आले. त्या वेळी मात्र तो हाताच्या अंतरावर जाईना. मग कसाबसा निघाला. "मलाही," मी म्हणाले. "मलाही."

त्याने ते दोनदा ऐकलं आणि डोळ्यांच्या कडेच्या त्या सुरकुत्या पडल्या.

फोन पर्समध्ये वाजला. मुख्याध्यापकच होते. "काय ठरलं, बाई?"

"राजीनामा पाठवून द्या, सर," मी सांगितलं. ऐकताना मला वाटलं, अरेच्चा, किती हळू बोलतेय मी! "आणि नववीला जो कुणी येईल ना, त्याला सांगा, पळून जाणाऱ्या राजापाशी स्वतःचा विनोद करायचा. माझा जुना झालाय."

फोन ठेवला. कानसेन मशिनपाशी उभा राहून डोकं खाजवत होता. "शांतता वाया गेली," तो म्हणाला. "पुन्हा घ्यावी लागेल. तुम्हाला घाई असेल तर…"

महिनाभर एका जागी धड न बसलेली मी स्टूल थोडं पुढे ओढून बसले.

"घ्या की," मी म्हणाले. "मला कसली घाई?"